वळणावरचा हात

वळणावर बाबा नव्हते.

गवताच्या गठ्ठ्यांमागे त्यांची घडीची खुर्ची तेवढी होती, रिकामी. मोटरसायकलवर तिच्या बुटाने गिअरचा दांडा दाबून धरला होता आणि तिचे डोळे बाबांच्या वर होणाऱ्या हाताची वाट पाहत होते. हात आला नाही. इंजिन किंचाळायला लागलं. घाबरून तिने दांड्याला लाथ घातली. दुसरा गिअर सुटला, तिसरा पडलाच नाही. मोटरसायकल नुसतीच बोंबलत चढावर गेली आणि मध्यावर थंडावली. शेजारून दोघे निघून गेले. त्यांतला एक दातांचा डॉक्टर होता.

पाच फेऱ्यांपैकी ही तिसरी होती.

गेली तीन वर्षं जुन्या मोटरसायकलींच्या या शर्यतीत ती दुसरी येत होती आणि डॉक्टर पहिला. पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असं म्हणायची सोय आता नव्हती. गाडी बावन्न वर्षांची, बाबांनीच एकेकाळी पळवलेली. "हा तिचा शेवटचा मोसम," बाबांनी इंजिन उघडून सांगितलं होतं. "यानंतर ती फक्त पुसायची."

गाडीचे गिअर उजव्या पायात होते, ब्रेक डाव्या. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. एरवी ती शाळेत गणित शिकवायला ज्या स्कूटरवरून जायची तिला गिअरच नव्हते. शिवाय या गाडीत दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कुठलाच गिअर न लागणारी एक पोकळ जागा होती. धसमुसळ्या पायाला ती हमखास सापडायची.

"लाथ मारू नकोस," बाबांनी शिकवलं होतं. "चढ आला की दांडा आधी नुसता दाबून धर. मी हात वर केला की अ‍ॅक्सिलरेटरवरचं मनगट क्षणभर सैल सोड. क्लचला हात लावायचा नाही. गिअर आपणहून पडेल."

आणि तो पडायचा, कुलपात किल्ली फिरावी तसा. ती दांडा दाबायची आणि नेमका त्याच क्षणी बाबांचा हात वर व्हायचा. चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता. जणू ते इंजिनाच्या आत बसून ऐकत होते. आई वैतागायची, "दारावरची बेल ऐकू येत नाही या माणसाला. हाका मारून माझा घसा बसतो. इंजिन मात्र मैलभरावरून ऐकू येतं!"

चौथ्या फेरीच्या सुरुवातीला तिला ते दिसले. दोरीपलीकडे, आईशेजारी, दोन्ही हात खिशात. बाजूला शिट्टीवाला पंच उभा होता आणि कर्ण्यावरून कुणीतरी ओरडत होतं, "बाहेरून खुणा करायला मनाई आहे!"

म्हणजे आता हात येणार नव्हता.

त्या फेरीत तिने चढ दुसऱ्याच गिअरमध्ये रेटून नेला. इंजिन रडलं, पण गाडी थांबली नाही. उतारावर तिने एकाला गाठलं. आता पुढे फक्त डॉक्टर, तीन गाड्यांच्या अंतरावर.

पाचवी फेरी. वळण आलं. खुर्चीकडे बघायचं नाही, तिने स्वतःला बजावलं, आणि बघितलं नाही. बुटाने दांडा दाबला. तळपायातून इंजिनाची थरथर चढत गेली, गुडघ्यापर्यंत आली. आत्ता. मनगट सैल पडलं.

टक्.

तिसरा!

समोर डॉक्टरने मागे वळून पाहिलं आणि घाईत लाथ घातली. त्याची गाडी बोंबलली. तो आवाज तिला चांगलाच ओळखीचा होता. चढाच्या मध्यावर, ती जिथे अडली होती तिथेच, ती त्याच्या शेजारून निघून गेली. माथ्यावर दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. हेल्मेटच्या आत ती किती मोठ्याने ओरडली ते फक्त तिलाच ठाऊक.

झेंडा पडला. डॉक्टर मागून आला, चिखलाने माखलेला, हसत. "मॅडम, भूल न देता दाढ उपटलीत माझी!"

तिने गाडी त्याच्याच हातात दिली आणि दोरीकडे धावत सुटली. आई रडत होती आणि रडत नसल्याचं सांगत होती. लेक बाबांच्या गळ्यात पडली, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "बाबा! आज पहिल्यांदा माझी मी गिअर टाकला! तुमच्या कानांशिवाय!"

बाबांनी तिला हातभर दूर धरलं. "इकडे तोंड करून बोल. ओठ दिसू देत."

तिने पुन्हा सांगितलं, सावकाश. त्यांनी तिच्या ओठांवरून नजर हलवली नाही. मग ते हसले.

"पहिल्यांदा कसला? ते इंजिन मला चार वर्षांत एकदाही ऐकू आलेलं नाही. तुझा गुडघा खाली गेला की मी हात वर करायचो."