लाल की तपकिरी

"लाल होती," थोरली म्हणाली.

"तपकिरी होती," धाकटा म्हणाला. हे त्याने सकाळपासून सातव्यांदा तरी सांगितलं असेल.

रंगकाम करणाऱ्या काकू दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांच्या टेबलावर गिटार आडवी पडली होती. तारा काढलेल्या, धडावरचा रंग पार घासून काढलेला. हा पराक्रम धाकट्याचा. बाबांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला त्यांची जुनी गिटार नवी करून द्यायची असं भावंडांनी गुपचूप ठरवलं, "तारा बदलायला नेतोय" म्हणून ती घरातून हलवली, आणि उत्साहाच्या भरात याने गच्चीवर बसून तीन दिवस काचपेपर मारला. एकही स्क्रू उघडायची हिंमत झाली नाही, म्हणून बाकी सगळ्याला चिकटपट्टी लावली आणि उरलं तेवढं घासलं. लाकूड छान गोरं निघालं. आधीचा रंग भुकटी होऊन वाऱ्यावर गेला.

काकूंनी तसल्याच लाकडाच्या तुकड्यावर बोळ्याने दोन रंग लावून दाखवले होते. एक डाळिंबी लाल, एक कोऱ्या चहासारखा तपकिरी. दोन्ही सुरेख दिसत होते, आणि तीच पंचाईत होती.

"नीट ठरवा," काकू म्हणाल्या. "हा भिंतीचा रंग नाही, की नाही आवडला म्हणून वरून दुसरा हात मारला. हा लाकडात मुरतो. एकदा मुरला की मुरला."

थोरलीने पर्समधून फोटो काढला. तरुण बाबा स्टेजवर, केस कपाळावर आलेले, गिटार पोटाशी धरलेली. काकूंनी चष्मा वर सरकवून फोटो जवळ घेतला.

"यात तर राखाडी आहे," त्या म्हणाल्या.

फोटो ब्लॅक अँड व्हाइट होता. थोरलीला ते माहीत नव्हतं असं नाही, पण तिला त्यात कायम लालच दिसायची.

"बाबा कार्यक्रमाला निघायचे तेव्हा मी दारात उभी असायचे," ती म्हणाली. "पांढरा शर्ट आणि लाल गिटार. मला स्पष्ट आठवतंय, छोट्या."

"तुला लहानपणीचं सगळंच लाल आठवतं. तुझी सायकलसुद्धा लाल होती म्हणतेस."

"होतीच लाल."

"मी दर रविवारी पुसायचो ती गिटार. बाबा फडकं द्यायचे, मी पुसायचो, आणि आम्ही ती परत जागेवर ठेवायचो. आणि आता घासताना भुकटी कसली निघाली? तपकिरी."

"तो मळ होता. इतक्या वर्षांचा."

"मळ?" धाकटा खरोखरच दुखावला. "मी पुसत असताना?"

दोघांना भीती एकच वाटत होती. रंग चुकला तर बाबा रागावणार नव्हते. ते गिटार हातात घेणार, उलटसुलट करून बघणार आणि "छान आहे" म्हणणार. बाबांचं ते "छान आहे" दोघांच्याही चांगलं परिचयाचं होतं. त्यानंतर ती वस्तू कपाटात जायची आणि पुन्हा दिसायची नाही.

"भांडून झालं की सांगा," काकू म्हणाल्या. "तोवर मी हिची मान सोडवते. मानेसकट धड रंगवता येत नाही."

त्यांनी गिटार पालथी केली, चार स्क्रू काढले आणि मान हलकेच उचलून बाजूला ठेवली. मान जिथे धडात बसवलेली होती, तिथे काडेपेटीएवढा एक खोलगट चौकोन उघडा पडला. तिथे काचपेपर पोहोचला नव्हता. काचपेपरच काय, कारखान्यातून निघाल्यापासून तिथे उजेडही पोहोचला नव्हता.

चौकोन लाल होता. कालच रंगवल्यासारखा.

"बघ," थोरली म्हणाली. तिचा आनंद तोंडावर मावेना.

धाकटा वाकून बघत राहिला. "पण मी रोज बघत होतो ती," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. "कुठे ठेवायचे ही?"

"गॅलरीत. काचेजवळ, स्टँडवर. मी झालो त्याच वर्षी बाबांनी कार्यक्रम सोडून कारखान्यात नोकरी धरली. तेव्हापासून तिथेच."

"मग बरोबर. हा लाल उन्हाला कच्चा असतो. रोजचं ऊन खाऊन खाऊन विटतो आणि असा तपकिरी होतो. तुम्हा दोघांत अंतर किती?"

"बारा वर्षांचं," थोरली म्हणाली.

"मग दोघांचंही खरं आहे की," काकू म्हणाल्या आणि हात पुसायला वळल्या.

धाकटा बोलायला लागल्यापासून थोरलीने त्याच्याशी एकही वाद हरलेला नव्हता. हाही जिंकली होती, पण आता तिला त्यात राम वाटेना. तिने त्याच्या शर्टाच्या बाहीवरची भुकटी झटकली. ती जाण्यासारखी नव्हती, तरी दोनदा झटकली.

"तपकिरीच करा, काकू," ती म्हणाली. "याने इतकी वर्षं पुसली, ती तीच."

धाकट्याने त्या लाल चौकोनावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"नको. लाल करा," तो काकूंना म्हणाला. मग थोरलीकडे न बघता म्हणाला, "तुझे बाबा एकदा मलाही बघू दे."