भिजलेलं जळण

"प्लग," तो म्हणाला.

तिने लगबगीने ग्रिलचा भिंतीतला प्लग काढला. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून नवऱ्याच्या तोंडून एका वेळी एकच शब्द निघायचा, तोही खूप शोधाशोध केल्यावर. हो. नको. पाणी. बोलण्याचा सराव करून घ्यायला येणाऱ्या बाई चित्रं दाखवायच्या आणि हा तोंडाला कुलूप लावून खिडकीबाहेर बघत बसायचा. उजवा हात लुळा पडला होता, त्याचं तिला एवढं वाटत नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो त्याच्या बोलण्यासाठी. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस एकदा चिडला की चार घरं पलीकडे ऐकू जायचं, आणि आता घरात भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत होतं.

आज मात्र न्याहारी झाल्याबरोबर तो आपणहून मागच्या अंगणात आला होता. मांस भाजायच्या त्या ग्रिलवरच्या ताडपत्रीच्या गाठी त्याने दातांनी सोडवल्या होत्या.

"मी धरू का काही?"

"नको."

ती पायरीवर बसली आणि बघत राहिली. त्याने जाळ्या काढल्या, एकेक करून गुडघ्यांत दाबून धरली आणि डाव्या हाताने खरवडली. चरबी गळायचं ताट काढलं, त्याखालचा पत्रा काढला. पत्रा खरवडताना सरकायला लागला, तेव्हा त्याने उजवा हात डाव्याने उचलला आणि वजन म्हणून पत्र्यावर ठेवून दिला. ते बघून तिला हसूही आलं आणि भरूनही आलं. चमचा नीट धरता येत नाही म्हणून ताट ढकलून देणारा हाच तो माणूस!

मग तळातली लोखंडी वाटी. भुसा दाबून केलेल्या गोळ्या ह्या वाटीत येऊन जळायच्या. त्याने बोटाने राख ढवळली, व्हॅक्यूमची नळी खाली धरली, आणि वाटीची भोकं एकेक करून तारेने मोकळी केली. घाई म्हणून नाही. कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो पुसायलाही थांबला नाही. काय चिकाटी म्हणायची ही! शेजारच्यांना बोलावून आणावं आणि दाखवावं, असं तिला वाटलं.

पण तो गोळ्यांच्या पेटीकडे वळला, तशी ती पायरीवर चुळबुळ करायला लागली.

त्याने पेटीचं झाकण उघडलं. आत गोळ्या नव्हत्याच. फुगून, फुटून, एकजीव होऊन त्यांचा लगदा झाला होता आणि वाळून दगड. गोळ्या वाटीकडे ढकलणारा लांब मळसूत्री दांडा त्यातच रुतून बसला होता. तो वळला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"मीच धुतली," ती म्हणाली. "तुम्ही दवाखान्यात होतात ना, तेव्हा. पाईप लावून. म्हटलं, घरी याल तेव्हा लख्ख दिसावी."

त्याने पेटीतला दगड स्क्रूड्रायव्हरने फोडून काढला, दांड्याची खीळ काढली आणि टोकाला पाना लावला. उजवा हात उचलून पान्यावर ठेवला, त्यावर डावा दाबला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. दांडा हलेना. त्याने पेटीला कान लावला, बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला लावायचा तसा. पाना किंचित उलटा फिरवला, पुन्हा सुलटा. उलटा, सुलटा. आत कुठेतरी करकरलं. आणि दांडा सुटून बाहेर आला, भुशाने माखलेला.

"आला!" ती ओरडलीच. लहान मुलीसारख्या तिने टाळ्या वाजवल्या.

त्याने मूठभर भुसा उचलला आणि तिच्या नाकासमोर धरला. त्याचे ओठ हलले. मानेची शीर फुगली. तिने श्वास रोखला.

"म्हैस," तो म्हणाला. थांबला. "म्हैस आहे का ही? पाईप लावून धुवायला?" आणि मग बांध फुटावा तसं सुरू झालं. "लाकूड आहे हे लाकूड, चणे नाहीत भिजत घालायला! कुणी सांगितलं होतं तुला नसता उद्योग करायला?"

शब्द अडखळत होते, एकमेकांवर आपटत होते, पण येत होते. कुंपणापलीकडे शेजारणीने कपडे वाळत घालता घालता मान वर केली.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पदराने डोळे पुसत ती पायरीवरून उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

तो गप्प झाला. दमला होता. आपल्याच आवाजाने चकित झाल्यासारखा तो हातातल्या भुशाकडे बघत होता.

"आणि अहो," ती घाईघाईने म्हणाली, "ओली असतानाच वरून ताडपत्री आवळून बांधली, तीही मीच. त्याचं बोला ना काहीतरी."