दोन बोटं

“दार? मापून घेतलंय मी! आपल्या मापात केसाचाही फरक नसतो,” वेलिकोनं छातीठोक सांगितलं होतं. महिनाभर राबून दोघा दोस्तांनी झेल्योच्या गॅरेजात जुनी लष्करी जीप रोदोपीच्या डोंगरासाठी उंच केली, दांडगी चाकं चढवली. आता ती दारावरच्या तुळईला दोन बोटं अडत होती.

“चूक आमच्या बाबांची रे,” झेल्यो खजील होऊन म्हणाला. “त्यांनी हातानं बांधलं, ठेंगणंच बांधलं. पाडतो तुळई.” त्यानं घण उचलला.

मेलेल्या माणसावर आळ! वेलिकोनं घणाचा दांडा धरला. “थांब! माणसं बसवू, गाडी दबेल.”

गल्लीतले सात जण आत कोंबले, पुढच्या सीटवर झेल्योची धिप्पाड आत्या त्सोन्का. गाडी दबली आणि निम्मी अलगद दाराबाहेर आली.

“बाबांची तुळई वाचवलीस, भावा!” झेल्योचे डोळे भरून आले.

वेलिकोला राहवेना. “माप मी जुन्या चाकांवर घेतलं होतं रे...”

“मेल्या, माझ्या भावाला बोल लावू दिलास?” त्सोन्का आत्या त्याच्या कानाखाली वाजवायला खाली उतरली.

गाडी तीन बोटं वर आली आणि तुळई खाली.