लिंबाचं माप

दुलारीचा नवरा काशीच्या मणिकर्णिका घाटावर चिता रचतो, म्हणून ब्रह्माघाटच्या शरदिनीकाकूंनी बाळकृष्णाच्या टोपीचं काम देताना तिला मूर्तीला हात लावू दिला नव्हता. देवाच्या डोक्याएवढं लिंबू उंबऱ्यावर ठेवून त्या म्हणाल्या होत्या, “हे माप.” आज लोकरीची टोपी मूर्तीच्या कानांवर अडली. “बिघडवलीस की गं!” “काकीजी, लिंबाला कान नसतात,” दुलारी म्हणाली. “मूर्ती द्या, आत्ता नीट करते. नाहीतर टोपी परत द्या. माझं वाकडं काम कुणाच्या देवघरात राहणार नाही.” “आणि विटाळ?” “लोकरीला विटाळ नसतो, तुम्हीच सांगता ना?” दुलारीने अंगावरची लोकरी शाल मांडीवर पसरली. काकूंनी घुटमळत बाळकृष्ण शालीवर ठेवला. दुलारीने टोपी उसवली, कानांच्या बेताने क्रोशाने पुन्हा विणली. पुढच्या आठवड्यात ब्रह्माघाटच्या बायका दुलारीच्या दाराशी आल्या. प्रत्येकीच्या पदराखाली बाळकृष्ण होता. लिंबू कुणीच आणलं नव्हतं.