खिशातला फ्यूज

"बाबा, लाइट कधी येणार? पेपर सुरू झालासुद्धा!"

फोनवर लेकीचा आवाज रडवेला झाला होता. लाइनमन रस्त्याकडेच्या डीपीच्या उघड्या पेटीसमोर उभा होता. सगळ्या वस्तीची लाइट त्यानेच बंद केली होती. लाइनचा फ्यूज त्याच्या शर्टाच्या खिशात होता.

"आलीच बघ," तो म्हणाला. तुटलेली तार जोडायची, चहा थंड व्हायच्या आत परत येतो, असं सांगून तो सकाळी घरातून निघाला होता. काम लांबलं. लाइनमनच्याच घरी अंधार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पेपर तंत्रशाळेच्या प्रवेशाचा होता. निम्मा विजेचा, निम्मा इंग्रजीतल्या काळांचा. वीज तिला बापाने शिकवली होती. दाब म्हणजे गच्चीवरची टाकी, प्रवाह म्हणजे नळाचं पाणी, रोध म्हणजे चेपलेला पाइप. काळ मात्र तिचे तिनेच घोकले आणि बापालाही समजावले. झालं, चाललंय, होणार आहे. "आमच्या ऑफिसात एकच काळ," तो म्हणायचा, "सगळं होणार आहे." गेल्या वर्षी काळांनीच तिचा घात केला होता. तिसऱ्यांदा बसू देत नव्हते. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवरच पेपर द्यायचा होता, आणि थोड्याच वेळात पेपर उघडायची मुदत संपणार होती.

"बाबा, बसवा ना फ्यूज! काका उतरले असतील एव्हाना!"

काका म्हणजे त्याचा जोडीदार. तो गोदामाच्या मागच्या खांबावर चढला होता. इथून दिसत नव्हता. लाइनमनने लेकीला थांबवून त्याला फोन लावला. फोन पायाशी पडलेल्या पिशवीतच वाजला. त्याने बेंबीच्या देठापासून हाक मारली. ओ आली नाही.

लाइनमनांचा एक नियम होता. लाइन ज्याने बंद केली, फ्यूज त्याच्याच खिशात. जोडीदाराचे पाय जमिनीवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो बसवायचा नाही. हा नियम त्यांना कोणी वर्गात शिकवला नव्हता. ज्यांनी तो मोडला, त्यांच्या मेलेल्या जोडीदारांच्या घरी जाऊन बसलेली माणसं हा नियम पाळत होती.

त्याने खिशातून फ्यूज काढला. उतरलाच असेल, त्याचं मन म्हणालं. एवढा वेळ कोण बसतंय वर? एक टोक खाचेला टेकवलं. फोनमध्ये लेक हुंदके देत होती. त्या क्षणी त्याला जोडीदाराचा, नियमाचा, स्वतःच्या नोकरीचा, सगळ्याचा राग आला.

मग त्याने फ्यूज परत खिशात टाकला आणि पळत सुटला.

गुडघा दुखत होता, धाप लागली होती. गोदामाला वळसा घालून तो मागे पोचला. खांबावर कोणी नव्हतं. पुढच्याही खांबावर कोणी नव्हतं. गवतात, गटाराच्या कडेला, भिंतीमागे तो वेड्यासारखा शोधत सुटला.

जोडीदार गोदामाच्या सावलीत पाय पसरून बसला होता. हातात चहाचा ग्लास होता.

"अरे, केव्हाचा उतरलोय मी," तो म्हणाला. "म्हटलं, हा अजून लाइन का सोडत नाही?"

लाइनमनने जोडीदाराच्या पायांकडे पाहिलं. ते जमिनीवरच होते. शोधण्यात पेपरची वेळ टळून गेली होती. तो परत फिरला, चालत गेला, फ्यूज बसवला. घराघरांतून आनंदाचा गलका झाला. आता घाई कसली होती?

घरी लेक कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडदा उजळला होता. प्रवेशाची वेळ संपली, एवढंच त्यावर होतं. तिने मान वळवली. रडून डोळे सुजले होते. वर्षभराचं जागरण त्याला त्या चेहऱ्यावर दिसलं आणि उंबऱ्यातच उभं राहावंसं वाटलं.

"काका वरच होते ना, बाबा?"

लाइनमनने आयुष्यात लेकीला कधी थाप मारली नव्हती.

"वरच होता. तारेला हात होता त्याचा."

ती उठली. बापाजवळ आली आणि त्याच्या शर्टात तोंड खुपसून ढसाढसा रडली.

"मग बरं झालं, बाबा," ती म्हणाली, "तुम्ही माझं ऐकलं नाहीत."