मागच्या वेळचं हसू

"लघवीत गोळीचा अंशसुद्धा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग तुम्हाला दिलेल्या गोळ्या जातात कुठे?"

समोर रंगारी होता. परांचीवरून पडून कंबर कायमची गेलेला. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार टाकून तो धड बसलाही नव्हता आणि उभाही नव्हता. शेजारी त्याची बायको, मांडीवरची पर्स घट्ट धरून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यावर माणसं अशीच एकमेकांकडे बघतात, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं.

गोळी अफूच्या जातीची. तिची दर खेपेला नोंद करावी लागते. किती दुखतं, काय काम जमतं, गोळी पोटात जाते की बाजारात. पोटात जात नसेल तर ती बंद करायची, असा नियम. 'रुग्ण गोळ्या घेत नाही' एवढं टाइप केलं की विषय मिटणार होता. बाहेर रांगही होती. बाईंनी टाइप करायला घेतलं.

तेवढ्यात रंगाऱ्याने जांभई दिली. पाठोपाठ दुसरी. बाईंनी मान वर केली. डोक्यावर पंखा गरगरत असूनही त्याच्या कपाळावर घाम होता, नाक गळत होतं आणि हातांवर काटा आला होता. गोळ्या विकून टाकणाऱ्याला असं होत नाही. रोज घेणाऱ्याची गोळी एकदम तुटली की होतं.

"कधीपासून बंद केलीत?"

"रविवारपासून," बायको म्हणाली. पर्स उघडून तिने न फोडलेल्या गोळ्या टेबलावर ठेवल्या. "मीच म्हटलं, घेऊ नका."

"अहो, पण का?"

"मागच्या वेळी हे गोळी घेऊन आले होते. दाढीबिढी करून. तुमच्याशी चार शब्द हसून बोलले. तुम्ही लिहिलंत, आराम आहे, पुढच्या खेपेला गोळी कमी करू. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. गोळी आहे म्हणून हे आपल्या पायांनी संडासापर्यंत जातात. म्हटलं, या वेळी खरं दुखणं दिसू दे डॉक्टरांना."

"मी नको म्हणत होतो," रंगारी पुटपुटला.

"कधी म्हणालात?" बायको म्हणाली.

बाईंनी मागची नोंद उघडली. 'चेहरा प्रसन्न. आराम आहे.' खाली त्यांचंच नाव होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

इतक्या दिवसांच्या खंडानंतर नेहमीची गोळी एकदम झेपली नसती. त्यांनी कमी ताकदीची दिली आणि रंगाऱ्याला कोपऱ्यातल्या खाटेवर आडवं केलं. मधे रांगेतले दोन पेशंट कुरकुरत येऊन गेले. मग बाईंनी त्याची नोंद पुन्हा समोर घेतली. अर्धवट टाइप केलेलं ते वाक्य पुसलं आणि घडलं ते सगळं पहिल्यापासून लिहू लागल्या. गोळ्या चालू ठेवायच्या, हेही लिहायचं होतं.

"आता कसं वाटतंय?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

रंगाऱ्याचा चेहरा सैल झाला होता. ओठांचे कोपरे हलायलाही लागले होते. पण त्याने बायकोकडे पाहिलं आणि तोंड पुन्हा आवळून घेतलं.

"आधी तुमचं लिहून होऊ द्या, बाई," तो म्हणाला. "मग हसतो."