तोरणाचे गाऱ्हाणे

दाभोळच्या खाडीकाठी ईशाने श्रावणात झेंडूसाठी हातभर उंच वाफे बांधले, तेव्हा तिचे वडील दादू हसले होते, "फुलांना सिंहासन कशाला गो?"

आश्विनात आठ दिवस पाऊस कोसळला. दादूंच्या सपाट वाफ्यांतील झेंडू मुळाशी कुजला. ईशाचा तेवढा तरला. म्हणूनच त्यांच्या बागेतून दसऱ्याला ग्रामदेवीस जाणारे मानाचे तोरण यंदाही चुकले नाही.

गुरवांनी नेहमीप्रमाणे दादूंचे नाव घेऊन देवीपुढे गाऱ्हाणे आरंभिले.

"थांबा, गुरवबुवा. बाग ईशाची सांगा."

"आणि तुमचं काय सांगू?"

"लेकीला हसलो, ती चूक पदरात घे म्हणावं. पण जरा मोठ्यानं सांगा. ती मागेच उभी आहे."